पडद्यावरची गफलत, रुग्णांच्या फेऱ्या

बदलापूरला राहणारा, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा आणि उल्हासनगरच्या रुग्णालयात थुंकीची तपासणी झालेला क्षयरुग्ण नेमका कुठला? माणसाला विचारले तर तो म्हणेल, बदलापूरचा. संगणकाला विचारले तर एवढ्यावर भागत नाही. क्षयरोगाच्या नोंदीसाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या ‘निक्षय’ या वेब प्रणालीत रुग्णाची नोंदणी कुठे झाली, निदान कुठे झाले, सध्या उपचार कुठे सुरू आहेत आणि तो राहतो कुठे, हे सगळे वेगवेगळे धरले जाते. त्यातले एक जरी चुकीचे निवडले गेले तर पाठपुराव्याच्या यादीत रुग्ण एका केंद्राकडे आणि प्रत्यक्षात तो दुसऱ्याच केंद्राच्या दारात, असे होते. क्षयरुग्णाच्या पोषणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये त्याच्या बँक खात्यात जमा करते. १ नोव्हेंबर २०२४पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. खाते क्रमांकातला एक आकडा उलटसुलट झाला की तेही पैसे अडकतात. रुग्ण चकरा मारतो, खिडकीवरचा कर्मचारी ‘सिस्टीममध्ये दाखवत नाही’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

आरोग्यसेवेतले कागद आता झपाट्याने पडद्यावर गेले आहेत. केसपेपर, गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोग, जन्ममृत्यूची नोंदणी, विमा योजनांची मंजुरी, असे जवळपास सगळे काम ब्राउझर उघडून करायचे. यात चूक झाली की दोनच कारणे सांगितली जातात : ‘सर्व्हर डाऊन होता’ किंवा ‘ऑपरेटरने चुकीचे भरले’. पहिले कारण कुणाचाच दोष नसल्यासारखे, तर दुसरे सगळ्यात खालच्या माणसाच्या माथी मारायचे. प्रत्यक्षात बहुतेक गफलती या दोहोंच्या मधल्या असतात. पडदा एक सांगतो आणि माणूस दुसरे समजतो. या गफलतींना ठरावीक आकार असतो, त्या पुन:पुन्हा त्याच जागी होतात आणि म्हणूनच त्या टाळता येतात. पण त्यासाठी त्यांना कारकुनी चूक न मानता रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न मानावे लागेल.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे २०१३ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नामांकित विद्यापीठ रुग्णालयात दिसले. सोळा वर्षांच्या एका मुलाला नेहमीचे प्रतिजैविक द्यायचे होते. मात्रा साधी होती, एक गोळी. मुलाचे वजन ३८.६ किलो, आणि ४० किलोच्या खालच्या रुग्णांसाठी मात्रा वजनानुसार लिहायची, असा रुग्णालयाचा नियम. त्यामुळे औषधाच्या रकान्यात ‘मिलिग्रॅम’ऐवजी ‘दर किलोमागे मिलिग्रॅम’ हे एकक लागलेले होते. औषधनिर्मात्याने कळवल्यावर डॉक्टरने मात्रा दुरुस्त करताना १६० हा आकडा टाकला. तिच्या मनात १६० मिलिग्रॅम होते. संगणकाने १६० ला ३८.६ ने गुणले. साडेअडतीस गोळ्या! संगणकाने इशारा दिला; पण असे इशारे दिवसभर येतच असतात, म्हणून तो पुढे ढकलला गेला. औषधनिर्मात्याच्या पडद्यावरही तेच झाले. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजून पाकिटात भरल्या. परिचारिकेला शंका आली. पण बारकोड तपासला तर संगणक म्हणाला, बरोबर आहे. मुलाला साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. त्याला झटका आला. सुदैवाने तो वाचला. त्याच रुग्णालयातले डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ साली ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात ही घटना तपशीलवार मांडली आणि रुग्णालयाने ती झाकली नाही. मोठेपणा म्हणायचा तो हा.

या घटनेत कुणीही बेजबाबदार नव्हते. आकडाही बरोबरच टाकला होता. चुकली होती ती रकान्याची अवस्था. संगणकशास्त्रात याला ‘मोड’ची चूक म्हणतात. तीच कळ, तोच आकडा, पण पडदा कोणत्या अवस्थेत आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो आणि ती अवस्था माणसाच्या नजरेत भरत नाही. ‘कट-कॉपी-पेस्ट’ची देणगी जगाला देणारे लॅरी टेस्लर या मोडच्या भानगडीवर इतके वैतागलेले होते, की त्यांनी आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरच ‘नो मोड्स’ असे लिहून घेतले होते. त्यांचे २०२० मध्ये निधन झाले. मोड मात्र अजून सगळीकडे आहेत, आणि ते फक्त अमेरिकेच्या रुग्णालयांत नाहीत.

साधी तारीखच घ्या. वेबपानावर तारीख निवडायची जी चौकट असते, ती बरेचदा त्या संगणकाच्या किंवा ब्राउझरच्या भाषेच्या सेटिंगनुसार तारीख दाखवते. सेटिंग भारतीय असेल तर आधी दिवस, मग महिना. अमेरिकन असेल तर आधी महिना. म्हणजे एकाच रुग्णालयात, एकाच सॉफ्टवेअरवर, शेजारशेजारच्या दोन संगणकांवर ५/६ चा अर्थ वेगळा असू शकतो : एकावर ५ जून, दुसऱ्यावर ६ मे. तेरा तारखेच्या पुढे धोका नाही, कारण तेरावा महिना नसतो आणि संगणक तिथे अडतो. पण पहिल्या बारा दिवसांत तो मुकाट्याने मान्य करतो. हिशेब केला तर वर्षातल्या १३२ तारखा अशा दुहेरी अर्थाच्या निघतात. गरोदर महिलेच्या शेवटच्या पाळीच्या तारखेत ही गफलत झाली तर? प्रसूतीची अंदाजे तारीख त्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. ५ जूनऐवजी ६ मे धरला गेला, की सगळे वेळापत्रक एका महिन्याने सरकते. बाळात व्यंग आहे का, हे पाहण्याची सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. ती चुकीच्या वेळी होते. बाळाची वाढ खुंटली आहे, अशी खोटी भीती निर्माण होते किंवा खरोखर खुंटलेली असताना ती लक्षात येत नाही. हे टाळण्याचा उपाय इतका स्वस्त आहे की तो सुचवतानाही संकोच वाटावा : पडद्यावर आणि कागदावर महिना अक्षरांत लिहावा. ‘०५ जून’ म्हटले की वाद संपला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे एका दुपारचे काम आहे.

तारखेपेक्षा अवघड प्रकरण नावाचे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आगरी-कोळी गावे आहेत, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे आहेत, घाटावरून, खानदेशातून, कोकणातून आणि उत्तर भारतातून आलेले लोक आहेत. पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावे इथे पैशाला पासरी. ‘सुनीता पाटील’ असे शोधले की यादीत एकाखाली एक पाच नावे आली, तर नवल नाही. घाईत बोट दुसरीऐवजी तिसऱ्या ओळीवर पडते. शेजारच्या ओळीवर पडलेले हे बोट वैद्यकीय माहितीशास्त्रातली जगभर परिचित असलेली चूक आहे. २००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, औषधे संगणकावरून लिहिण्याच्या एका प्रणालीमुळे चुकांना वाव मिळेल असे २२ प्रकार नोंदवले होते. चुका कमी व्हाव्यात म्हणून आणलेली प्रणाली होती ती.

शिवाय एकच सुनीता दोनदाही नोंदलेली असते. आधार कार्डावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे. रोमन लिपीत तिच्या नावात कुठे एक ‘ई’, कुठे दोन, कुठे ‘आय’. सिंधी घरांत लग्नानंतर मुलीचे पहिले नावही बदलण्याची पद्धत आहे, मग तर ओळख पटवणे आणखी कठीण. आणि बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत! बदलापूरला आशाताईंनी तिसऱ्या महिन्यात नोंद केलेली बाई सातव्या महिन्यात जळगावला किंवा साताऱ्याला जाते. तिथली आरोग्यसेविका जुना नोंदणी क्रमांक मागते. तो कार्डावर असतो आणि कार्ड बदलापूरच्या कपाटात. मग नवीन नोंद होते. बाळ जन्मते, त्याला लशीही मिळतात. पण बदलापूरच्या यादीत ती माता ‘प्रसूतीची नोंद नाही’ आणि बाळ ‘लस बाकी’ असेच लाल रंगात राहते. आशाताईला आढावा बैठकीत बोलणी बसतात, ती पुन्हा बंद दाराला टाळा बघून येते. आणि ज्या बाळाची लस खरोखरच चुकली आहे, ते या खोट्या लाल ओळींच्या गर्दीत हरवते. खरे नुकसान हे शेवटचे आहे.

नवजात बाळांच्या बाबतीत तर नावच नसते. याचा एक चांगला अभ्यास न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात झाला. तिथे अतिदक्षता विभागातल्या बाळांना ‘बेबी बॉय’, ‘बेबी गर्ल’ आणि आडनाव अशी तात्पुरती नावे दिली जात. ती बदलून त्यात आईचे पहिले नाव घातले, एवढेच. चुकीच्या बाळाच्या नावावर सूचना लिहिल्या जाण्याचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ‘बेबी ऑफ सुनीता’ लिहिण्याचा प्रघात कितीतरी जुना आहे. म्हणजे न्यूयॉर्कला जे संशोधनाअंती उमगले, ते आपल्या सिस्टर आधीपासून करत होत्या. मात्र आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पहिले नाव’ हा रकाना सक्तीचा असला आणि त्यात कुणी नुसते ‘बेबी’ टाकले, की जुने शहाणपण नव्या चौकटीत वाया जाते. जुळ्यांचे काय करायचे, हेही आधीच ठरलेले हवे. ‘एक’ आणि ‘दोन’ कोण, हे मनगटावरच्या पट्टीवर आणि पडद्यावर एकच असायला हवे.

नावानंतर पत्ता. इथे तर या तीन शहरांनी सॉफ्टवेअरवाल्यांची परीक्षाच घ्यायचे ठरवले असावे. बदलापूर हे तालुक्याचे नाव नाही. ते अंबरनाथ तालुक्यात येते. नगरपरिषद शोधायची तर ‘कुळगाव-बदलापूर’ म्हणून शोधावी लागते, म्हणजे ‘ब’च्या यादीत ती सापडत नाही, ‘क’च्या यादीत असते. उल्हासनगर हा तालुकाही आहे आणि महापालिकाही. अंबरनाथ रोमन लिपीत लिहिताना ‘ब’नंतर कुणी ‘ई’ घालते, कुणी ‘ए’. शोधचौकटीला दोन्ही एक आहेत, हे कुणी शिकवलेले नसते. ती सरळ ‘नोंद आढळली नाही’ म्हणते आणि कर्मचारी नवी नोंद करून मोकळा होतो. त्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर वेगळा झाला. जुन्या याद्या न बदललेल्या प्रणालींत तो गोंधळ वेगळाच. उल्हासनगरचा तर पत्ताच निराळा. ही मुळात लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथे आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. आजही पत्ता सांगतात तो कॅम्प क्रमांक, बॅरॅक क्रमांक आणि खोली क्रमांक असा. वेबफॉर्ममध्ये मात्र ‘घर क्रमांक’, ‘इमारत’, ‘रस्ता’ असे रकाने असतात. बॅरॅक कुठल्या रकान्यात घालायची, हे प्रत्येक ऑपरेटर आपल्या मनाने ठरवतो. डेंग्यूचे रुग्ण कुठल्या वस्तीत वाढत आहेत, हे या पत्त्यांवरूनच नकाशावर पाहायचे असते. बॅरॅकचा आकडा चार ठिकाणी चार रकान्यांत विखुरला, तर धूरफवारणीची गाडी जाणार कुठे?

नाव आणि पत्ता बिनचूक भरला तरी ‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ यांचा घोळ उरतोच. ‘सेव्ह’ म्हणजे काम तात्पुरते ठेवले, ‘सबमिट’ म्हणजे पुढे पाठवले. दोन्ही कळा शेजारी आणि दोन्हींनंतर हिरवी पट्टी झळकते. दहा मिनिटे कळ दाबली नाही की कित्येक प्रणाली आपोआप बाहेर काढतात. पडदा मात्र तसाच दिसत राहतो आणि त्यावर भरलेले सगळे हवेत जाते. मध्येच वीज गेली की अर्धवट नोंद कुठवर पोहोचली, कळत नाही. कळ दाबूनही पान हलत नाही म्हणून माणूस दुसऱ्यांदा दाबतो, आणि एका रुग्णाचे दोन होतात. ब्राउझरही अतिउत्साही असतो. मागच्या रुग्णाचा मोबाइल क्रमांक तो पुढच्याच्या रकान्यात स्वतःहून भरून देतो. पान मराठीत भाषांतरित करून देण्याची सोय चुकून सुरू झाली, तर ‘डिस्चार्ज’चा ‘स्राव’ होण्याचीही शक्यता असते, आणि मग घरी सोडायच्या रुग्णाचे काय करायचे, असा प्रश्न पडतो.

इथे एक आठवण उपयोगी पडावी. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविनने अख्ख्या देशाला वेबफॉर्मची शिकवणी दिली होती. पिनकोड टाकून केंद्र शोधायचे, क्षणात जागा संपायच्या. दुसऱ्या मात्रेच्या वेळी वेगळा मोबाइल क्रमांक दिल्यामुळे अनेकांच्या हाती पहिल्याच मात्रेची दोन प्रमाणपत्रे आली. पुढे ती जोडून घेण्याची सोय द्यावी लागली. आणखी एक तक्रार मोठी होती : वेळ घेतली, पण लशीला गेलोच नाही, तरी ‘तुमचे लसीकरण झाले’ असा संदेश आला. केंद्रावर चुकीच्या नावापुढे खूण केली गेल्याने हे होते, असे आरोग्य मंत्रालयाने स्वतः सांगितले. मग काय केले? कर्मचाऱ्यांना ‘नीट लक्ष द्या’ असे परिपत्रक काढून थांबले नाहीत. ८ मे २०२१ पासून चार आकडी सुरक्षा क्रमांक आणला. तो क्रमांक लस घ्यायला आलेल्या माणसाकडेच असायचा. त्याने तो सांगितल्याखेरीज नोंद पुरी होत नसे. चूक करणे सोपे होते, ते अवघड केले. कोविनबद्दल तक्रारी पुष्कळ असतील, पण हा निर्णय धडा म्हणून शिकवावा असा आहे. ‘लक्ष द्या’ हा उपाय नव्हे. लक्ष उडाले तरी चूक होणार नाही, अशी रचना हा उपाय.

कारण लक्ष उडणारच. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधे देत असताना त्यांचे काम जवळून पाहिले गेले. कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. आता सकाळी दहाच्या केसपेपरच्या खिडकीचा विचार करा. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात केवळ उल्हासनगरचे रुग्ण येत नाहीत. अंबरनाथ, बदलापूर आणि पार कर्जत-मुरबाडच्या बाजूचेही लोक येतात. अशा कुठल्याही गर्दीच्या ठिकाणी खिडकीतून एकाच वेळी तीन हात आत आलेले असतात, मागून कुणीतरी ‘नंबर कितीचा चाललाय’ विचारत असते, फोन वाजत असतो. या व्यत्ययात ऑपरेटरने एका मिनिटात नाव, वय, पत्ता, मोबाइल रोमन लिपीत बिनचूक भरावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. खिडकीसमोर एक रांग आणि माहिती सांगणारा दुसरा माणूस ठेवणे, हा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीपेक्षा परिणामकारक उपाय ठरावा.

दिसायला पटणारा प्रत्येक उपाय लागू पडतोच, असेही नाही. एका वेळी अनेक रुग्णांची पाने उघडी ठेवल्याने गोंधळ होतो, म्हणून एकच पान उघडू द्यावे, असे अनेक तज्ज्ञांचे मत होते. अमेरिकेत ३ हजार ३५६ डॉक्टर व अन्य कर्मचाऱ्यांवर याची रीतसर चाचणी झाली. काहींना एकच पान, काहींना चारपर्यंत. चुकीच्या रुग्णाच्या नावे सूचना लिहिण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. मुभा असूनही लोक बहुतेक वेळा एकच पान उघडत होते. २०१९ सालचा हा निष्कर्ष. तेव्हा वरून बंधने लादण्याआधी ती प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी आजमावून पाहणे बरे.

सगळ्यात अवघड दुखणे आहे ते सामायिक लॉगिनचे. मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी, आणि दिवसभर जो येईल तो त्याच खात्यातून काम करतो. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. पण कंत्राटी कर्मचारी बदलला की नव्याला लॉगिन मिळायला वेळ लागतो, ओटीपी वरिष्ठांच्या मोबाइलवर जातो आणि वरिष्ठ बैठकीत असतात, रांग मात्र थांबत नाही. म्हणून चिठ्ठी चिकटते. परिणाम असा, की सकाळच्या पाळीतल्या माणसाने अर्धवट सोडलेल्या पानावर दुपारची व्यक्ती पुढे काम करते, आणि चूक कुठून सुरू झाली, हे कधीच सापडत नाही. सापडले नाही की शिक्षा मात्र ज्याचे नाव लॉगिनवर असते त्याला. अशा ठिकाणी कुणी आपणहून ‘माझ्याकडून चुकीच्या सुनीताची नोंद झाली’ असे सांगेल, ही आशाच नको. विमान वाहतुकीत थोडक्यात टळलेल्या चुका शिक्षेच्या भीतीविना कळवण्याची व्यवस्था आहे. दवाखान्यात एक साधी वही ठेवली, त्यात नाव न लिहिता आजची गफलत लिहायची, आणि महिन्यातून एकदा ती वाचून कुठल्या रकान्यात सगळे अडखळतात हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना कळवायचे, तर त्याला निधी लागत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी स्वतःचे लॉगिन देणे हे मात्र प्रशासनानेच करायचे काम आहे, आणि ते न करता शिस्तीची भाषा करण्यात अर्थ नाही.

रुग्णांच्या बाजूलाही एक गफलत ठाण मांडून आहे : ‘आभा’ आणि ‘आयुष्मान’. आभा हा १४ आकडी आरोग्य खाते क्रमांक. तो तुमच्या वैद्यकीय नोंदी एकत्र जोडण्यासाठी आहे. त्यातून एक रुपयाचेही उपचार मोफत होत नाहीत. आयुष्मान कार्ड ही विमा योजनेची पात्रता. ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारे ‘वय वंदना’ कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आले, तेही याच योजनेतले. दोन्हींची नावे ‘आयुष्मान भारत’ने सुरू होतात, दोन्ही कार्डे मोबाइलवर दिसतात. मग बदलापूरहून लोकलने आलेले आजोबा भरतीच्या वेळी आभा कार्ड पुढे करतात आणि ‘हे चालत नाही’ ऐकून हादरतात. नावे ठेवतानाच हा घोळ घातला गेला आहे. आजोबांचा त्यात काहीही दोष नाही. आजाराची वेळ येण्याआधीच घरातल्या कुणीतरी कपाटातली कार्डे काढून कुठले कशाचे, हे त्यावर मराठीत लिहून ठेवले, तर ऐन वेळची धावपळ वाचेल. पाठीमागे जुना केसपेपर क्रमांक आणि गरोदर महिलेच्या बाबतीत तिचा नोंदणी क्रमांक लिहावा, म्हणजे माहेरी तो शोधायला लागणार नाही. मोबाइल क्रमांक नसेल तर ‘कुणाचाही टाका’ म्हणू नये. तो ‘कुणाचाही’ बहुधा ऑपरेटरचा स्वतःचा असतो, आणि तपासणीचा अहवाल त्याच्या फोनवर जातो.

जन्माच्या नोंदीची गोष्ट आता जास्त महत्त्वाची झाली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट अशा अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच लागणार आहे. पूर्वी प्रमाणपत्रात एक अक्षर चुकले तरी शाळेचा दाखला कामी येई. ती सवलत या मुलांना नाही. आणि ही नोंद होते कुठे? बहुतेकदा रुग्णालयातच, थकलेली आई खाटेवर असताना, वडील बिलाच्या रांगेत असताना, कुणा मावशीने तोंडी सांगितलेल्या नावांवरून. २१ दिवसांत नोंद व्हायला हवी, पण बाळाचे नाव त्याच वेळी द्यायलाच हवे असे नाही. ते वर्षभरात विनाशुल्क घालता येते. त्यामुळे बारशाआधी घाईने काहीतरी नाव सांगून नंतर बदलत बसण्यापेक्षा तो रकाना रिकामा सोडलेला बरा. आईवडिलांची नावे मात्र त्यांच्या ओळखपत्रावरून पाहूनच भरली जावीत आणि शेवटची कळ दाबण्यापूर्वी पडदा फिरवून कुटुंबाला दाखवावा. पुष्कळांना रोमन लिपी वाचता येत नाही, उल्हासनगरच्या काही ज्येष्ठांना तर अरबी वळणाची सिंधी लिपीच सवयीची आहे. त्यांच्यासाठी ऑपरेटरने प्रत्येक अक्षर सावकाश मोठ्याने वाचून दाखवावे. एका नावाला त्यासाठी अर्धा मिनिट पुरतो.